साठाचं यंत्र, पन्नासाची वीज

धाकटीचा हात मोडला तो ड्रम वाजवताना नव्हे, न्हाणीघरात साबणावरून पाय घसरून; आणि दुखण्यापेक्षा तिला याचंच जास्त वाईट वाटत होतं. जिने आयुष्यभर ड्रमवर काठ्या मोडल्या, तिचं मनगट चार बोटांच्या साबणाने मोडावं, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. कुणी विचारलं की ती म्हणायची, "वाजवताना." थोरली शेजारी उभी असली तर नुसती भुवई वर करायची, पण तोंड उघडायची नाही. जावाजावांचं नातं एकमेकींच्या थापा सांभाळण्यावरच टिकतं.

या दोघी जावांची लॉन्ड्री होती. सासऱ्यांनी सुरू केलेली, थोरलीच्या नवऱ्याने यंत्रं आणून वाढवलेली. तो यंत्रांतला जाणकार, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. धाकटीचा नवरा बोटीवर होता. बोट सोडून त्याने घरात ठिय्या दिला त्यालाही जमाना लोटला, तरी 'खलाशी' हे नाव काही त्याला सोडेना. लॉन्ड्रीत रस्त्याच्या बाजूला कपडे घ्यायचा-द्यायचा कट्टा, मागे धुलाई, आणि मधली लांब खोली इस्त्रीची. तिथे वाफेचे प्रेस एका ओळीत उभे. खालच्या फळीवर कपडा पसरायचा, पायपट्टी दाबायची, की वरची तापलेली थाळी खाली येते, फुस्स करून वाफ सुटते आणि चुरगळलेली चादर कोऱ्या कागदासारखी होते.

खलाशी पहिल्या लांबच्या सफरीवरून परतला तेव्हा धाकटी नवी नवरी होती. दुसरे बोटवाले घड्याळं आणायचे, अत्तरं आणायचे. याने काय आणलं, तर एक रेकॉर्ड. दूरच्या कुठल्याशा बेटावर बोट लागली होती, तिथे धक्क्याजवळच्या दुकानात ती वाजत होती, आणि हमाल त्या ठेक्यावर पोती उतरवत होते. "त्या संगीताला रेगे म्हणतात," त्याने घरात सगळ्यांना बसवून सांगितलं. "ऐकलं आणि पाय तिथेच रुतले. बोट चुकली असती माझी." रेकॉर्ड आहे पण वाजवायची कशावर, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. मग दोन बंदरं पुढे, दुसऱ्याच एका देशात, त्याने प्लेअर घेतला. तिथल्या विजेचा दाब इथल्यापेक्षा कमी, तेव्हा यंत्र जळू नये म्हणून मध्ये जोडायचा एक जड लोखंडी डबाही आणला. हुशार माणूस. त्या डब्याचं कौतुक तो पुढे कित्येक वर्षं सांगत होता.

रेकॉर्डचं वेष्टन हिरवं होतं. त्यावर बिजागरीतून निघालेलं, भिंतीला टेकवलेलं एक दार. कुणाला तिचं नाव नीट म्हणता येईना, म्हणून ती 'हिरवी' झाली. मिस्त्रीने प्लेअर इस्त्रीच्या खोलीत फळीवर बसवला, आणि पहिल्याच दिवशी बायकांच्या ध्यानात आलं की हे गाणं जणू आपल्यासाठीच बांधलंय. इतर गाण्यांत पहिल्या ठोक्यावर जोर असतो. इथे पहिला ठोका रिकामा. ड्रमवाला तो सोडूनच देतो, जोर येतो तो तिसऱ्यावर. आणि प्रेसचं काम तरी दुसरं काय होतं? एकला कपडा पसरायचा, दोनला सुरकुती सारखी करायची, तीनला पाय दाबायचा, चारला वाफ. गाणारा माणूसही असा खोल, धिम्या गळ्याचा, की वाटावं कुणी वडीलधारा पाठीशी उभा राहून सांगतोय, सावकाश, काही घाई नाही, होतंय सगळं.

खिडकी रस्त्यावर उघडायची. त्या खिडकीतून हिरवी सगळ्या वस्तीत शिरली. न्हाव्याची कात्री त्या ठेक्यात चालू लागली. पोरं शाळेत चालायची ती अशी, की कवायतीच्या मास्तरांनी पालकांना बोलावून विचारलं, "यांचा पहिला पाय कुठे जातो?" पुढे रस्ता रुंद करायचा म्हणून घरांची एक रांग पाडायचं ठरलं, तेव्हा लोक दारं काढून हातात घेऊन रस्त्यात उभे राहिले आणि हिरवीतलं दाराचं गाणं म्हणत राहिले. गाण्याची भाषा परकी, पण वेष्टनावरचं चित्र सगळ्यांना कळलं होतं. ती रांग अजून उभी आहे.

आणि मग बायकांनी बँडच काढला. थोरलीने बेस गिटार घेतली. धाकटीने ड्रम घेतले, कारण तिला काहीतरी बडवायलाच हवं होतं, खलाशी सहा-सहा महिने घरी नसायचा. शर्टांची बटणं लावणारी बाई गाऊ लागली. तिचा गळा बाईच्या मानाने खूप खालचा, पण हिरवीला तोच शोभायचा. लोक त्यांना 'प्रेसवाल्या' म्हणत. लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो, कुणी म्हातारा गेलेला असो, प्रेसवाल्या येऊन हिरवीतलं एखादं गाणं वाजवणार, हे ठरलेलंच. रेकॉर्ड झिजली, प्लेअर एक दिवस कायमचा गप्प झाला. पण तोवर त्याची गरजच उरली नव्हती.

आता हिरवीला पन्नास वर्षं होत होती. जगभर ठिकठिकाणी कार्यक्रम चालले होते म्हणे. इथल्या सभागृहाच्या व्यवस्थापकांनी स्वतः लॉन्ड्रीत येऊन निमंत्रण दिलं होतं: प्रेसवाल्यांनी हिरवी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, संपूर्ण, रेकॉर्डवर आहे तशी वाजवायची. रेडिओवाले ध्वनिमुद्रण करायला येणार. आयुष्यात पहिल्यांदा प्रेसवाल्या लग्नाच्या मांडवातून निघून झगझगीत मंचावर बसणार होत्या, आणि नेमका तेव्हाच धाकटीचा हात गळ्यात आला.

"माझ्या सुनेला येतं की," थोरली म्हणाली.

सून घरात येऊन दोन वर्षं झाली होती. लिफ्टच्या कंपनीत ती तंत्रज्ञ होती. कमरेला हत्यारांचा पट्टा लावून दिवसभर विहिरीसारख्या त्या अंधाऱ्या खोबणींत उतरायची. शाळेपासून ड्रम शिकलेली, तेही मास्तरांकडे, रीतसर. सासूच्या बँडमध्ये मात्र ती कधी आगाऊपणाने शिरली नव्हती, कारण ड्रमवर काकू बसलेल्या असायच्या आणि काकूंच्या जागेवर बसणं म्हणजे काकूंच्या ताटात जेवणं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी इस्त्रीच्या खोलीत तालीम ठरली. प्रेस थंड होते. धाकटी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून खुर्चीत बसली, उंटावरून शेळ्या हाकायला. सुनेने काठ्या आपटून चार मोजले आणि सुरू केलं.

आठ-दहा मात्रांतच सगळं विस्कटलं. सून पुढे, थोरली मागे, बटणवाली मध्येच लोंबकळतेय.

"पळतेस काय," धाकटी म्हणाली. "बस सुटतेय का तुझी?"

सुनेने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"काकू, मी बरोबर वाजवतेय. तुम्ही सगळ्याच मागे राहताय."

"कानामागून आली आणि तिखट झाली," धाकटी छताकडे पाहून म्हणाली.

"तसं नाही हो काकू. मी रोज ऐकते हे. कामावर जाताना, येताना." सुनेने फोन काढला. "ऐका."

फोनमधून हिरवी आली. उडती, हलकी, उन्हात वाळत घातलेल्या कपड्यांसारखी फडफडणारी. आणि गाणारा? एक कोवळा तरुण पोरगा. आवाज पातळ, गोड, जरा अधीरच.

"हे होय?" बटणवाली हसली. "हे मी भाचीच्या लग्नात ऐकलंय. नव्या पोरांनी पळवलंय ते. हल्ली सगळंच घाईचं."

"मीही ऐकलंय रेडिओवर," धाकटी म्हणाली. "मी तर बंदच केलं. इतक्या भारदस्त माणसाचं पार पोर करून टाकलं मेल्यांनी."

सुनेने फोन खाली ठेवला आणि विचारलं, "तो जुना प्लेअर आहे का अजून?"

प्लेअर माळ्यावर होता. लॉन्ड्रीत काही टाकून देत नसत. सुनेने तो उतरवला, धूळ पुसली, उलटा केला आणि मागच्या पत्र्याच्या पट्टीवर बोट ठेवून वाचत राहिली. खलाशी चहा घेऊन आला होता. तोही वाकून बघू लागला.

"काका, हा कुठून घेतला होतात?"

"ते सोड. दाब कमी-जास्त होऊ नये म्हणून मी डबा आणला होता, तो बघ आधी."

"डबा उत्तम आहे काका. डब्यामुळे जळला नाही. पण ही मोटर साठाची आहे."

"साठाची म्हणजे?"

सुनेने सोपं करून सांगितलं. भिंतीतून येणारी वीज एका सेकंदात ठरावीक वेळा मागेपुढे होते. प्लेअर जिथला होता तिथे साठ वेळा. इथे पन्नास वेळा. आणि ही मोटर विजेच्या त्या हेलकाव्यांवरच फिरते, जेवढे हेलकावे तेवढा वेग. डबा दाब बदलतो, हेलकावे बदलत नाही. तेव्हा तबकडी इथे पहिल्या दिवसापासून हळू फिरली. हळू फिरली म्हणून ठेका धिमा झाला, आणि आवाज खाली उतरला. गिटारवर मोजायचं तर साधारण तीन घरं.

खलाशाने चहाचा कप आपल्याच हातात धरून ठेवला.

"म्हणजे तो जाडा माणूस," बटणवाली शेवटी म्हणाली, "तो जाडा नाही?"

"विशीतला असेल," सून म्हणाली. "काडीसारखा. फोटो आहे, दाखवू?"

"नको," थोरली म्हणाली.

खलाशाच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळी तो केस कापायला गेला आणि तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या सगळं सांगून मोकळा झाला. वर आपल्या डब्याचा बचावही केला. उजाडेपर्यंत वस्तीभर झालं. प्रेसवाल्या पन्नास वर्षं चुकीचं वाजवतायत. न्हावी म्हणाला, चूक कसली, मग माझी कात्रीही चुकीची का? भाजीवाली म्हणाली, मला आधीपासून संशय होता, आणि कसला ते काही केल्या सांगेना.

व्यवस्थापक दोन दिवसांनी आले. सभ्य माणूस. त्यांचे शर्ट इथेच इस्त्रीला असायचे, त्यामुळे बोलताना सारखे स्वतःच्या कॉलरला हात लावत होते.

"तुमच्याबद्दल आदर आहेच," ते म्हणाले. "पण रेडिओ आहे. बाहेरचे लोक ऐकणार. रेकॉर्डवर आहे तशी, असं आपण जाहीर केलंय. कॉलेजच्या मुलांचा एक बँड आहे, त्यांचं सगळं तयार आहे. तुम्ही एक गाणं वाजवा, सन्मान घ्या, बाकी त्यांना करू दे. तुमच्यावर उगाच ताण नको."

थोरली कट्ट्यामागे उभी होती. तिच्या हातात त्यांचाच एक शर्ट होता. तिने तो शांतपणे घडी घातला, कागदात गुंडाळला.

"रेकॉर्डवर आहे तशी म्हणजे त्या पोराच्या वेगाने?"

"हो. तसंच."

"वाजवू."

"सगळी?"

"सगळी. चूक कळल्यावरही तीच करत बसलं तर तो हट्ट झाला. आणि आम्हाला जमत नाही म्हणून हळू वाजवतो, असं कुणी म्हणायला नको. नाचता येईना अंगण वाकडं, हे दुसऱ्यांसाठी." तिने पुडकं पुढे केलं. "कॉलेजच्या मुलांना सांगा, पहिल्या रांगेत या. खुर्च्या राखून ठेवा त्यांना."

व्यवस्थापक गेले. धाकटी आतून सगळं ऐकत होती.

"जमेल का पण?"

"न जमायला काय झालं?" थोरली म्हणाली. आणि तिला खरंच तसंच वाटत होतं. हातांची तिला काळजी नव्हती. हात शिकतात. तीन घरं वर सरकायचं आणि पाय उचलून चालायचं, एवढंच होतं ते.

सलत होतं ते वेगळंच. दुपारी गिऱ्हाईक नसताना तिने सुनेकडून फोन आणि कानाला लावायचं यंत्र मागून घेतलं आणि प्रेसजवळच्या स्टुलावर बसून हिरवी पुन्हा ऐकली. डोळे मिटून. चांगली होती. वाईट कसं म्हणणार, फार चांगली होती. त्या पोराच्या गळ्यात सकाळ होती. पण मिस्त्री गेला तेव्हा त्या रिकाम्या घरात जो आवाज तिच्याशी बोलत होता, सावकाश, होतंय सगळं, तो याचा नव्हता. मुलगा तापाने फणफणला असताना ज्याच्या सुरात तिने त्याला थोपटलं, तो याचा नव्हता. ज्याच्या भरवशावर आपण संसार केला तो माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. भिंतीतल्या विजेने तो बनवला होता, आणि आपल्या घरातली शहाणीसुरती माणसं त्याच्यामागे पन्नास वर्षं चालत गेली होती.

सुनेने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. तिचं लक्ष सासूच्या चेहऱ्याकडे होतं.

"आई, मी बोलले नसते तर बरं झालं असतं का?"

थोरलीने कानावरचं यंत्र काढलं. "वेडी आहेस का? लिफ्टची दोरी तुटलेली दिसली तर सांगणार नाहीस?"

"ही दोरी नव्हती हो तुटलेली."

"मग काय होतं?"

"वीज होती," ती म्हणाली. थोरली हसली, आणि दोघींनी चहा घेतला.

तालमी जोरात झाल्या. प्रेसवाल्यांनी घाम गाळला. बटणवालीला एवढं वर गायचं म्हणजे टाचा उंचावून फळीवरचा डबा काढण्यासारखं वाटत होतं, पण तिने तो काढला. धाकटी लेकी बोले सुने लागे थाटात बटणवालीला ओरडायची आणि बघायची सुनेकडे. हळूहळू मात्र ओरडणं थांबलं. सून चोख वाजवत होती. एक दिवस धाकटी आपल्या प्लास्टरवर बोटांनी ठेका धरून बसली आणि म्हणाली, "मनगट सैल ठेव. आहे चांगलं, पण सैल ठेव." घरात याला पदक मिळणं म्हणत.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. प्रेसवाल्या पडद्याआडून बघत होत्या. न्हावी सहकुटुंब, बसचे वाहक गणवेशातच, पाडायला निघालेल्या त्या घरांमधली माणसं आता नातवंडं घेऊन. पहिल्या रांगेत कॉलेजची मुलं, एकाच्या मांडीवर गिटारची पेटी, वेळ आलीच तर असावी म्हणून. धाकटी त्यांच्या शेजारी बसली होती आणि आपला हात कसा वाजवताना मोडला ते सांगत होती.

पडदा उघडला. सुनेने मोजलं, आणि पहिलं गाणं सुटलं ते थेट त्या पोराच्या वेगाने. थोरलीची बोटं अचूक पडत होती. एकही ठोका हुकला नाही. संपलं तेव्हा टाळ्या झाल्या. कॉलेजच्या मुलांनी तर शिट्ट्या मारल्या. रेडिओवाल्याने काचेमागून अंगठा दाखवला.

पण थोरलीला मंचावरून खालचे पाय दिसत होते. आयुष्यभर तिने तेच बघितलं होतं, वाजवताना ती चेहरे बघतच नसे. आज पाय गप्प होते. माणसं मांडीवर हात ठेवून बसली होती, परक्याच्या घरी पाहुणी गेल्यासारखी नीटनेटकी. दुसऱ्या गाण्यात काही पाय उचलले गेले, पण खाली यायला त्यांना उशीर झाला, आणि ते पुन्हा लाजून बसले. न्हाव्याने एकदा टाळी वाजवली. ती चुकीच्या जागी पडली, तसे त्याने हात काखेत दाबले. न्हाव्याची टाळी चुकलेली थोरलीने आजवर पाहिली नव्हती. टाळ्या मात्र दुसऱ्या गाण्यालाही झाल्या, चांगल्या घसघशीत. कुणाची काही तक्रार नव्हती.

तिसरं गाणं दाराचं.

बटणवालीने पहिली ओळ उचलली आणि सभागृहाला राहवलं नाही. घरांच्या रांगेतली एक म्हातारी आपल्या जागेवरून म्हणू लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तरी ती ऐकती ना. तिच्यामागून तिची मुलं, मग वाहक, मग मागच्या रांगा. सगळे म्हणत होते ते त्यांचं दाराचं गाणं, धिमं, खोल, तीन घरं खालचं. मंचावर एक गाणं चाललं होतं आणि खाली दुसरं. दोन्ही एकमेकांवर आदळत होती. बटणवाली गोंधळून थोरलीकडे बघू लागली. थोरली वाजवत राहिली. शब्द दिला होता. ती तो मोडणार नव्हती. तिने ओठ घट्ट मिटले आणि बोटांना सांगितलं, पुढे बघा.

आणि ड्रम थांबले.

चुकून नव्हे. सुनेने दोन्ही हात खाली घेतले आणि मांडीवर ठेवले. बटणवाली थांबली, थोरलीची तार तेवढी जरा वेळ घुमत राहिली. खाली मात्र गाणं थांबलं नाही. शेकडो माणसं वाद्यांशिवाय म्हणतच होती, आणि एवढ्या मोठ्या जमावाचा ठेका तसूभर हलत नव्हता. सून मान एका बाजूला कलती करून ऐकत होती, लिफ्टच्या खोबणीत उतरल्यावर यंत्र कुठून आवाज करतंय ते ऐकावं तशी.

काचेमागचा रेडिओवाला हातवारे करत होता. पहिल्या रांगेत कॉलेजच्या मुलाने पेटीचा खटका उघडला. धाकटीने न बघता आपलं प्लास्टर त्या पेटीवर ठेवलं. चांगलं जड होतं ते.

"आई," सून ड्रममागून म्हणाली, अगदी घरात हाक मारावी तशी, "तीन घरं खाली घ्या."

थोरलीने मागे वळून पाहिलं. "ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं. आणि खरा वेग मीच सांगितला होता. पण आता ऐकतेय ना मी. इतकी माणसं सुरात आहेत. कुणाला चूक म्हणू?"

सुनेने मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती, सभागृह मोजत होतं. तिने त्यांचा एक फेरा जाऊ दिला, पहिला ठोका रिकामा सोडला, आणि तिसऱ्यावर पाय दाबला. तो इतका बरोबर पडला, इतका मागे रेलून, की धाकटीच्या तोंडून आपोआप "हां" निघालं. थोरलीचा हात खाली आला होता. कधी आला ते तिला कळलं नाही. जाड तार खर्जात बोलली, बटणवालीच्या टाचा जमिनीला टेकल्या, आणि खाली सगळे पाय एकदम हलले.

थोरलीने आज पहिल्यांदाच चेहरे बघितले. न्हावी, वाहक, ती म्हातारी, मागे उभी राहिलेली माणसं. गात होती ती सगळी, आणि त्या सगळ्यांचा मिळून जो एक आवाज वर येत होता तो खोल होता, वडीलधारा होता, त्याला कसलीही घाई नव्हती. तो जन्माला आला नव्हता असं तिला वाटलं होतं. आता समोर तो खुर्च्या हलवत होता. आणि त्या काडीसारख्या पोराबद्दलही तिच्या मनात माया दाटली. इतक्या दूरवर, आपल्याला कोण कोण गातंय आणि कसं गातंय, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.

गाणं संपलं. टाळ्या ओसरेनात, तेवढ्यात व्यवस्थापक पडद्याच्या कडेने वाकून थोरलीपाशी आले. हात कॉलरवर, दुसऱ्या हातात घड्याळ.

"अहो, ठरलं काय होतं आणि हे काय? रेडिओवाले विचारतायत, पहिली दोन गाणी रेकॉर्डसारखी होती, मध्येच असं कसं झालं? त्यांना सांगू काय?"

"सांगा, आम्ही चोख वाजवून दाखवलं, दोन गाणी. ती त्यांनी ठेवावीत." थोरलीने गिटारचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "आणि पुढचं असं का, विचारलं तर म्हणावं, आमच्याकडची वीजच अशी आहे."

"पण याने वेळ वाढणार हो."

"वाढू दे की. बसा तुम्हीही. शर्ट चुरगळला तर मी आहे."

सुनेने काठ्या उचलल्या होत्या. खाली कुणीही जागेवर बसायला तयार नव्हतं. व्यवस्थापकांनी एकदा सभागृहाकडे बघितलं, घड्याळ खिशात टाकलं आणि आडोशाची एक खुर्ची पुढे ओढून घेतली. पुढचं गाणं मुळातच लांब होतं. आता तर ते आणखी लांबणार होतं.